होनोरा टीगची हजेरी

१

बुधवारी सकाळी साडेनऊला ब्रॅकनीच्या वंशावळ मंडळाच्या खोलीचं कुलूप विनिफ्रेड पर्डी उघडायची. सतरा वर्षांत हे काम तिनं दोनदाच चुकवलं: एकदा नवऱ्याच्या मयताला, एकदा लेकीच्या बाळंतपणाला. खोली जुन्या टपाल कचेरीच्या मागे. दोन संगणक, एक किटली, भिंतभर खोकी आणि टेबलाभोवती सहा-सात म्हाताऱ्या. गावाला वाटे, या बायका चहा आणि अंड्याचं सँडविच यांसाठी जमतात. त्यासाठी जमतच होत्या. पण टास्मानियाच्या या कोपऱ्यात जहाजातून आणून टाकलेल्या बाराशे कैदी बायकांची नावं याच म्हाताऱ्यांनी जुन्या रजिस्टरांतून एकेक करून वेचली होती, आणि त्यासाठी कुठल्या विद्यापीठानं त्यांना बोट धरून चालवलं नव्हतं.

विन त्यांच्यात सगळ्यांत चिवट. चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत लागलेली. जुनी हस्ताक्षरं ती आपली आपण वाचायला शिकली, भिंग लावून, शिव्या देत. आता हॉबार्टचे पदवीधर तिला फोन करून विचारत, बाई, हे अक्षर काय असावं? त्यांना जरा ताटकळत ठेवून ती सांगे.

तिची स्वतःची बाई होनोरा टीग. आयर्लंडातल्या कॉर्कची. जमीनदाराची गवताची गंजी पेटवली म्हणून सात वर्षं सजा, १८४६ साली समुद्रापार, ब्रॅकनीबाहेरच्या बायकांच्या तुरुंगात. त्या तुरुंगाला तेव्हाही फॅक्टरी म्हणत आणि गाव अजून फॅक्टरीच म्हणतं. माल तिथे एकच निघायचा, साहेबांचे धुतलेले कपडे.

रजिस्टरात दर बाईचं एक पान. वर गुन्हा, उंची, अंगावरच्या खुणा. खाली तिच्या वागणुकीच्या ओळी. पानाच्या तळाशी बहुतेक तीनांतला एक शेरा: सुटली, लग्न झालं किंवा मेली. होनोराच्या पानाला तळच नव्हता. १९९८ साली विननं हॉबार्टच्या दफ्तरखान्यातून त्या पानाची झेरॉक्स आणली होती. तीवर शेवटच्या दोन ओळी अशा:

२ मार्च १८४९. मूल नऊ महिन्यांचे झाले. आईपासून तोडून अनाथालयात पाठवावे.

३ मार्च १८४९. मुलीसह फरार.

पुढे कोरा कागद. दोन वर्षांनी नदीपलीकडच्या लाकूडतोड्यांच्या वस्तीत नोरा बेल नावाची कुणी बाई लहान मुलीला घेऊन राहत होती, एवढं एका पाद्र्याच्या वहीत सापडतं. ती मुलगी म्हणजे विनच्या पणजीची आई. फॅक्टरीनं कुत्री सोडली, बक्षीस लावलं, पण बाई हाती लागली नाही. विनला याचा असा अभिमान होता, की जणू ती भिंत तिनंच ओलांडली होती.

२

विनची आई आयरीन म्हणजे दगड. तिनं पोरींना एकच नियम घालून दिला होता. हाक मारणाऱ्याला तोंड दाखवावं, ओ देऊ नये. दारावर कुणी नाव घेतलं तर आधी खिडकीतून बघायचं, मग गुपचूप जाऊन समोर उभं राहायचं. परसातून खुद्द आईनं बोलावलं तरी तिथून "आले" म्हणायचं नाही. जायचं. शाळेत हजेरीच्या वेळी विन बोलत नसे, नुसती उठून उभी राही. बाईंनी प्रगतिपुस्तकात 'उर्मट' असा शेरा मारला, तर आयरीननं तो कागद स्वयंपाकघरात खिळा ठोकून लावला, बक्षीस मिळाल्यासारखा.

असं का, हे विननं एकदाच विचारलं. कानाखाली बसली. आयरीन म्हणाली, "मला माझ्या आईनं विचारू दिलं नाही. तू कोण लागून गेलीस?"

होनोरा सापडली तेव्हा विनला वाटलं, उमगलं. या मुलखात कैद्याचं रक्त म्हणजे डाग. आपल्या पणज्यांची पानं रजिस्टरांतून ब्लेडनं कापून नेणारे भले लोक होऊन गेले. आईचा नियम त्याच लाजेचं पिल्लू, दुसरं काय. आणि लाजेचं एवढंसं पिल्लूही विन घरात पोसणारी नव्हती. आपल्या लेकीला, ब्रॉन्विनला, तिनं तो नियम शिकवला नाही. नातीला तर मुद्दाम उलटं शिकवलं.

नात टॅमसिन. ब्रॉन्विन डोंगरापलीकडे राहायची, गाडीनं चाळीस मिनिटांवर, आणि गुरुवारी दातांच्या दवाखान्यात कामाला जाताना पोर आईकडे टाकून जायची. विन तिला स्वयंपाकघरात चटईवर बसवी आणि हाक मारी, "टॅमसिन." पोर हात वर करून म्हणे, "हॅ." दहा वेळा हाक, दहा वेळा "हॅ". विन हसून हसून खोकायची. सहा पिढ्या तोंड मिटून राहिलेल्या आमच्या घरात ही बघा कशी ओ देते, असं ती सगळ्यांना सांगायची.

३

मार्चच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या बायका फॅक्टरीच्या पडक्या आवारात हजेरी भरवत. आता तिथे तीन भिंती, थोडी फरशी आणि काटेरी झुडपं एवढंच. दर बाईनं आपल्या पूर्वजेसाठी साध्या कापडाची टोपी शिवायची, कैदी बायका घालत तशी, काठावर तिचं नाव सुईनं भरायचं आणि ती घालून उभं राहायचं. नाव पुकारलं की तिच्या वतीनं म्हणायचं, "हजर."

मंडळाचा एक जुना दंडक होता. जिचा शेवट कागदोपत्री सापडला तिचंच नाव घ्यायचं. हा दंडक डल्सी क्रोकरचा. डल्सी खाटकाची विधवा, त्र्याऐंशी वर्षांची, मंडळाची अध्यक्ष, आणि रस्त्याच्या या टोकाला बोलली की त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. विननं त्या वर्षी बैठकीत भांडण उकरून काढलं. शेवट नाही म्हणून माझ्या बाईनं काय कायम भिंतीबाहेर राहायचं का, असं तिनं विचारलं. मत घेतलं आणि विन जिंकली.

डल्सीनं वही मिटली आणि एवढंच म्हणाली, "फरार बाईला हजेरीला बोलवायचं नसतं, विनी. फरार राहू दे की तिला. आयुष्यात तेवढंच तर पडलं तिच्या पदरात."

"हरलीस म्हणून बोलतेस," विन म्हणाली.

रविवारी, २ मार्चला, ऊन कोरडं होतं. टॅमसिन त्याच दिवशी नऊ महिन्यांची झाली, म्हणून केक आपल्या घरी कापायचा ठरलेला आणि विनला लवकर निघायचं होतं. डल्सी मेंढरं मोजल्यासारखी नावं घेत होती. एकेक बाई "हजर" म्हणे, बाकीच्या टाळ्या वाजवत.

"होनोरा टीग."

विनचं तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. सत्तरी ओलांडलेली बाई, पण कानाजवळ आईचा हात आल्यासारखं झालं.

"होनोरा टीग. झोपलीस का ग?" डल्सी म्हणाली, आणि बायका हसल्या.

"हजर," विन म्हणाली. जरा मोठ्यानंच.

टाळ्या वाजल्या. त्या थांबता थांबता भिंतीपलीकडे कुणीतरी जड दार ओढून लावल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडे मेंढ्या चरायचं रान होतं. तिथे दार नव्हतं. गोठ्याचं फाटक वाजलं असेल, असं विननं स्वतःला सांगितलं. मग घरी जाताना तिनं मुद्दाम गाडी त्या रानावरून घेतली. तिथे फाटकही नव्हतं. नुसती तारेची कुंपणं.

४

बुधवारी कुणा सिडनीच्या माणसाला होनोराच्या पानाची प्रत हवी होती, म्हणून विननं संगणकावर ते पान उघडलं. रजिस्टरांचे हे फोटो सरकारनं काही वर्षांपूर्वी काढून ठेवलेले. हे पान तिनं शंभरदा पाहिलेलं. घरच्या झेरॉक्सइतकंच पाठ.

'मुलीसह फरार'च्या खाली एक ओळ होती.

२ मार्च. हजर. स्वतःहून आली.

साल नव्हतं. अक्षर आधीच्या ओळींचंच, तोच कारकून, 'एम'ला तसाच बाक. विननं चष्मा पुसला. शेजारच्या संगणकावर तेच पान उघडलं. तीच ओळ. फोटोत शाई वाढत नाही, एवढं कळायला काही पदवी लागत नाही. मग हे काय?

तिनं डल्सीला बोलावलं. डल्सी सँडविच खात आली, वाचून म्हणाली, "मग? आहेच की."

"आधी नव्हती ही."

"विनी, तुझी ती झेरॉक्स सत्तावीस वर्षांची. तेव्हाच्या यंत्रांना फिकट शाई दिसायची नाही. मी तर पहिल्यापासून ही ओळ बघतेय."

"मग बैठकीत का नाही बोललीस? शेवट नाही म्हणून तूच तर भांडत होतीस माझ्याशी."

डल्सीचा घास तोंडात तसाच राहिला. तिनं पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं, आणि मग किटली लावायला गेली. किटली आधीच उकळत होती.

घरी येऊन विननं झेरॉक्स उजेडात धरली. 'मुलीसह फरार.' पुढे कोरा कागद. तिनं त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. कागद तिथे ओलसर लागला. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा वास आला, तोंडात चव येईल इतका उग्र. सिंकखालची नळी गळत असणार, असं ती म्हणाली आणि पाना घेऊन खाली वाकली. नळी कोरडी होती.

५

पुढच्या बुधवारी ती ठरवून आधी त्या पानाकडे गेलीच नाही. खोकी लावली, पत्रं लिहिली, डल्सीशी हवेवर बोलली. मग बसली.

केस कापावेत.

एवढीच नवी ओळ. केस कापणं ही फॅक्टरीतली सगळ्यांत वाईट शिक्षा. बायका अंधारकोठडी सोसत, पावावर आणि पाण्यावर राहत, पण कात्री दिसली की चावत, ओरबाडत. विननं अशा शेकडो ओळी वाचल्या होत्या. वाचून पुढे गेली होती.

मागच्या खुर्चीवरून डल्सी म्हणाली, "विनी, मागून केस कुणी कापले तुझे?"

विनचा हात अंबाड्याखाली गेला. मानेशी केसांची एक बट हाताएवढ्या रुंदीची, त्वचेला लागून साफ कापलेली होती. खुंट बोटाला टोचत होते. सकाळी तिनंच अंबाडा घातला होता, आरशासमोर, याच हातांनी.

"खुर्चीत अडकले असतील," ती म्हणाली.

"खुर्चीत अडकले तर तुटतात ग. हे कापलेत," डल्सी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि विनला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुपारपर्यंत विन कारणं शोधत राहिली. म्हातारपण. झोपेत चालणं. आयरीनही शेवटी कात्र्या उशाखाली ठेवायची. हे शेवटचं तिला इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच आठवलं. घरी आल्यावर सगळ्या कात्र्या तिनं डब्यात घालून डबा फळीवर चढवला.

तिसऱ्या बुधवारी पानावर आणखी एक ओळ होती.

मूल ताब्यात घ्यावे. नाव:

'नाव'पुढे जागा मोकळी. झेरॉक्सवर होनोराच्या मुलीचं नाव वरच्या कोपऱ्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, मेरी. कारकुनाला ते वर बघून खाली उतरवता आलं असतं. त्यानं ते उतरवलं नव्हतं. त्याला दुसरं कुठलं तरी हवं होतं, आणि ते अजून कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

विननं संगणक बंद केला. पोर उद्या येणार होती. येऊ नको म्हणून ब्रॉन्विनला फोन करावा, असं मनात आलं. पण काय सांगायचं? एका फोटोत ओळी वाढताहेत म्हणून? आणि मग दिवसभर पोर कुणाकडे ठेवील ती, परक्या बाईकडे? आपल्याकडे असेल तर निदान डोळ्यांसमोर तरी राहील. विचार सरळ होता. चुकीचे विचार बहुतेक सरळच असतात.

६

गुरुवारी सकाळी टॅमसिन चटईवर बसून लाकडी चमचा आपटत होती. मागचं दार वाऱ्यासाठी उघडं, जाळीचं तेवढं लावलेलं. परसात धुण्याची खोली. तिच्यात विनचं यंत्र होतं आणि ते बंद होतं.

अकराच्या सुमाराला धुण्याच्या खोलीतून ओला कपडा दगडावर आपटल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा. मग अनेक, एका लयीत, जणू तेवढ्याशा खोलीत बायकांची रांगच्या रांग वाकली होती. विन सिंकला धरून उभी राहिली. शेजारी गालिचा झटकत असतील. शेजारघर जानेवारीपासून रिकामं होतं.

आवाज थांबले, आणि कुणीतरी म्हणालं, "होनोरा टीग."

बाईचा आवाज. रागाचा नाही, घाईचा नाही. दिवसातून दोनदा हेच काम करणाऱ्या माणसाचा.

विन बोलली नाही. आयरीननं घातलेला नियम शरीरात शिल्लक होता. ओठ आपोआप मिटले. मनातल्या मनात तिनं आईची माफी मागितली, आयुष्यात पहिल्यांदा. ओ द्यायची नाही. ओ न देता उभं राहायचं. आवाज कंटाळेल आणि जाईल. पावणेदोनशे वर्षं तो असाच दारोदार फिरून गेला असेल, आणि दर दारात तिच्या घरातली एकेक बाई तोंड मिटून उभी राहिली असेल. उर्मट म्हणवून घेत. मारकुट्या आया म्हणवून घेत.

चमच्याचा आवाज थांबला होता. विननं खाली पाहिलं. चटई रिकामी. पोर रांगत जाळीच्या दाराशी पोचली होती आणि जाळीला हात लावून परसात टक लावून बघत होती.

"टॅमसिन!"

तोंडून निघून गेलं. पोरीनं वळून पाहिलं, हात वर केला आणि हसून म्हणाली, "हॅ."

बाहेर सगळं गप्प झालं. पाखरंसुद्धा. मग जाळीपलीकडून, आधीपेक्षा जवळून, तोच आवाज हळूच आला, एखादं नवं नाव लिहिण्याआधी माणूस जसं पुटपुटून बघतं तसा:

"टॅम. सिन."

पोरीचा हात वर जाऊ लागला. विन गुडघ्यांवर आपटली, पोरीला ओढून छातीशी धरलं आणि तिच्या तोंडावर तळहात दाबला. आवाज पुन्हा आला. पुन्हा आला. दर हाकेला तळव्याखाली ते इवलं तोंड उघडायला बघे. पोरीला खेळ वाटत होता. मग वाटेनासा झाला. ती पाय झाडू लागली, तिचा चेहरा लाल झाला, आणि विन मोजत होती, नाक मोकळं आहे, नाक मोकळं आहे, श्वास चालू आहे.

"आई, काय करतेस तू?"

ब्रॉन्विन पुढच्या दारात उभी होती. दवाखान्यातली दुपार सुट्टीची निघाली म्हणून लवकर आली होती. आईनं आपल्या पोरीचं तोंड दाबून धरलेलं तिनं पाहिलं, आईच्या मानेवरची कापलेली बट पाहिली, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते विन मरेपर्यंत विसरणार नव्हती.

विननं समजावायचा प्रयत्न केला. हजेरी, ओळी, आवाज. मुख्य म्हणजे पोरीनं हाकेला ओ देता कामा नये, कुणाच्याच, तुझ्यासुद्धा. बोलता बोलता तिलाच ऐकू येत होतं, की आपण कशा दिसतोय.

"तूच शिकवलंस ना तिला ते?" पोरीला खांद्यावर घेत ब्रॉन्विन म्हणाली. "आजी शेवटी अशीच झाली होती. दार वाजलं की पलंगाखाली. तुला डॉक्टरकडे नेईन मी, आई, प्रेमानं नेईन. पण टॅमसिन आता इथे येणार नाही."

गाडी गेली. विनला वाटलं, बरं झालं. डोंगरापलीकडे गेली, इथून लांब.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डल्सीच्या दारात गेली आणि म्हणाली, माझी हजेरी खोड. मी खोटं बोलले, ती बाई हजर नव्हती. डल्सीनं टोमणा मारला नाही. वही आणली, होनोराच्या नावावर पट्टी धरून रेघ मारली.

"मी खोडलं, विनी," ती म्हणाली. "पण तू काही मला ओ दिली नव्हतीस."

विन एकटीच फॅक्टरीवर गेली. साडेदहाचं ऊन, लांब मेंढ्या, भिंतीवर पाली. तिनं शिवलेली टोपी बरोबर आणली होती. ती तिनं फरशीवर ठेवली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि जितक्या मोठ्यानं हजर म्हटलं होतं तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "होनोरा टीग इथे नाही. तिनं तुम्हांला चुना लावला. कधीची गेली ती."

भिंतीपलीकडे कपडे आपटण्याचा आवाज चालू होता हे तिला तो थांबल्यावर कळलं.

त्या शांततेत कुणीतरी मोजायला लागलं. तोच आवाज. एक, दोन, तीन. दर आकड्याला पावलाचा एक आवाज, जणू कुणी रांगेतून एकेक पाऊल पुढे येत होतं. विननं भिंतीला कान लावला. दगड ओला होता. सत्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीला पाऊल वाजलं ते थेट तिच्या कानापलीकडे, एका दगडाच्या अंतरावर, आणि त्या पावलाबरोबर कुणीतरी श्वास आत ओढला. रडून थकलेल्या बाईचा श्वास. विनला त्या बाईचं नाव विचारायची गरज नव्हती. तिनंच तिला आत पाठवलं होतं.

अठ्ठ्याऐंशीनंतर मोजणी थांबली. संपली नाही, थांबली. रांगेतलं शेवटचं माणूस यायचंय हे माहीत असल्यासारखी.

फरार दोघी झाल्या होत्या, आई आणि नऊ महिन्यांचं मूल. आणि त्यातल्या दुसरीचं नाव आता त्यांना कळलं होतं. विननंच, स्वतःच्या तोंडानं, जाळीच्या दारातून ओरडून सांगितलं होतं. नाव कळल्यावर डोंगर आड येतो का? कुत्री सोडणाऱ्यांना डोंगर आड येतो का?

ती वळली. फरशीवर टोपी नव्हती.

८

गाडीशी पोचेपर्यंत फोन वाजला. ब्रॉन्विन. रडून झाल्यावरचा मऊ आवाज.

"आई, काल मी जास्तच बोलले. रात्रभर वाईट वाटत होतं. बरं केलंस तू कुणाला तरी पाठवलंस ते."

"कुणाला?" विन म्हणाली.

"ती तुमच्या मंडळातली बाई ग. आत्ताच आली. नाव नाही सांगितलं, फार बोलत नाही बिचारी. पण टोपी घातलीय ना तुमची ती, म्हणून ओळखलं. आणि कमरेला हा किल्ल्यांचा जुडगा. हजेरीच्या वेळी नाटक-बिटक बसवताय की काय पुढच्या खेपेला?"

"ब्रॉन, पोर कुठाय?"

"इथेच आहे. चटईवर."

"उचल तिला. आत्ता उचल आणि बाहेर पड."

"आई, पुन्हा नको सुरू करूस. चहा ठेवतेय मी तिच्यासाठी. हात बघ ग तिचे, धुऊन धुऊन सोलल्यासारखे झालेत, मला कसंतरीच वाटलं. मघाशी टॅमसिनला दोन्ही हातांवर उचलून तोलून बघितलं तिनं. लेकुरवाळी दिसतेय. बाळाचं अंगावरचं दूध तुटलंय का, एवढंच विचारलं तिनं. म्हटलं, हो, याच महिन्यात."

विन गाडीत बसली होती. किल्ली भोकात जात नव्हती. चाळीस मिनिटं. ती फोनमध्ये सांगत होती, तिचं तोंड दाब, ब्रॉन, माझं ऐक, तिच्या तोंडावर हात ठेव. आणि ब्रॉन्विन फोनपासून तोंड वळवून पाहुणीला म्हणत होती, आई आहे माझी, जरा बरं नाही तिला.

मग ब्रॉन्विनच्या स्वयंपाकघरातून, किटलीच्या आवाजामागून, तो आवाज आला. आता त्याला पुटपुटून बघायची गरज नव्हती. नाव पूर्ण येत होतं.

"टॅमसिन."

"बघ ना, आई," ब्रॉन्विन हसत म्हणाली. "हात वर केला."

आणि फोनमधून, अगदी स्पष्ट, विननंच शिकवलेलं ते ऐकू आलं. हॅ.